झग्यातला काळा टाका

मिस्टर पेल्हॅमने मला फसवलं. त्याच कामात, त्याच कागदावर, त्याने एका राजकन्येलाही फसवलं. पैशाचं म्हणाल तर ठरलेला आकडा त्याने वेळेवर दिला. माझी तक्रार त्याबद्दल नाही. त्याने माझं नाव खाल्लं.

पेल्हॅम हे त्याचं खरं नाव नाही. खरं लिहिलं तर वकिलाचं पत्र येईल. माझी मुलगी म्हणते, आई, तुला भांडण परवडतं, दुकानाला परवडत नाही. राजकन्येचं नावही मी लिहीत नाही, तिच्या देशाचंही नाही. युरोपातला एक छोटा देश, एवढं पुरे. तिने मला लिहू नका असं सांगितलेलं नाही. मलाच ते बरं वाटत नाही.

मी रफूचं काम करते. वेम्बलीत ईलिंग रोडवर हंसाबेनचं साड्यांचं दुकान आहे, त्याच्या मागची खोली माझी. दोन मशिनं, एक लांब टेबल आणि उत्तरेकडची खिडकी. बाहेर पाटी 'ऑल्टरेशन्स' अशी आहे, कारण रफू म्हणजे काय ते आता कोणाला ठाऊक नसतं. भोकावर ठिगळ लावणं वेगळं. रफूमध्ये त्याच कापडातले धागे काढून भोकाच्या जागी उभे-आडवे पुन्हा विणायचे असतात. दिसलं तर ते रफू नव्हे. धागे कुठून काढायचे? शिवणीच्या आत शिंपी थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतो. त्याला आम्ही माया म्हणतो. त्या मायेतून.

हे मला वडिलांनी सोलापुरात शिकवलं. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून मला शिकवलं, हे ते स्वतःच सांगत. लग्न होऊन मी स्लाऊला आले तेव्हा हे एका वेअरहाऊसमध्ये कामाला होते आणि मी एका ड्रायक्लीनरकडे पँटा दुमडत होते. इंग्रजी येत नव्हतं, पण घासाघीस येत होती. तिथून इथवर मी कोणाच्या मेहेरबानीने आलेले नाही.

पेल्हॅमचा मध्य लंडनमध्ये स्टुडिओ आहे. जुने, मौल्यवान कपडे तिथे दुरुस्त होतात. काचेचं दार, पांढरे कोट घातलेल्या मुली, हातमोजे. पण बारीक रफू त्या स्टुडिओत एकालाही येत नाही. त्यामुळे अवघड कापडं तीन वर्षं कुरियरने गुपचूप माझ्याकडे येत होती. प्रत्येक दुरुस्त कपड्याबरोबर एक कंडिशन रिपोर्ट जातो. हॉस्पिटलमध्ये पेशंटचा केसपेपर असतो तसा. काय बिघडलं होतं, काय केलं, कोणी केलं. कपडा असेपर्यंत तो रिपोर्ट त्याच्याबरोबर राहतो. तीन वर्षांत अशा एकाही रिपोर्टमध्ये माझं नाव आलं नाही. मी चालवून घेतलं. कोण्या लॉर्डाच्या वेस्टकोटावर माझं नाव नसलं तर माझं काय अडतं?

मग एके दिवशी पेल्हॅम स्वतः खोका घेऊन आला. हा माणूस ईलिंग रोडवर पाय ठेवेल असं मला कधी वाटलं नव्हतं. हंसाबेनने त्याला शालू दाखवायला घेतला होता. मी त्याला सोडवून आत आणलं.

"मिसेस बगाडे, हा एका खासगी संग्रहातला पीस आहे," तो म्हणाला. "म्युझियममध्ये जायचाय. काचेच्या पेटीत राहील, कोणी घालणार नाही."

"मग तुम्ही स्वतः का आलात?"

"नाजूक आहे."

"माझ्याकडे येतं ते सगळं नाजूकच असतं. कधीपर्यंत हवाय?"

"तीन आठवडे. प्रदर्शनाची तारीख ठरलीय."

त्याने कामाचा कागद टेबलावर ठेवला. तीन कामं होती. एक, फाटलेलं रेशीम रफू करणे. दोन, नंतरच्या काळातल्या सगळ्या दुरुस्त्या काढून झगा मूळ रूपात आणणे. तीन, गळ्याची नाडी अर्धा इंच सैल करणे.

तिसरं काम मी दोनदा वाचलं आणि गप्प बसले. घासाघीस करताना जे कळलं ते लगेच बोलू नये. पण म्युझियममधल्या पुतळ्याची मान वाढत नाही. मान बाळाची वाढते. हा झगा कोणत्या तरी बाळाच्या अंगावर चढणार होता आणि हा माणूस माझ्याशी खोटं बोलत होता.

तो गेल्यावर मी हात धुतले आणि पातळ कागद बाजूला केले.

बाप्तिस्म्याचा झगा होता. तान्ह्या बाळाला घालायचा, पण लांबी माझ्या कंबरेपर्यंत. दुधावरच्या सायीच्या रंगाचं रेशीम, त्यावर हाताने विणलेली लेस. ती लेस मी भिंगाखाली धरली आणि अर्धा तास दुसरं काही केलंच नाही. एका इंचात किती गाठी होत्या ते मोजायला गेले आणि सोडून दिलं. कोणाचे तरी डोळे त्यात गेले असणार.

मग झगा उलटा केला. आमच्या धंद्यात कपडा आतून वाचायचा असतो. बाहेरून तो जगाशी बोलतो, आतून घराशी. खालच्या दुमडीत आतल्या बाजूला सुती पट्टी होती आणि त्या पट्टीवर पांढऱ्या दोऱ्याने अक्षरं भरलेली होती. दोन-दोन अक्षरं, वर इवलासा मुकुट. अशा सतरा जोड्या. सतरा बाळांनी हा एकच झगा घातला होता. प्रत्येक जोडीचा हात वेगळा होता. काहींचे टाके सुरेख, काहींचे शाळकरी मुलीसारखे. म्हणजे ही शिंप्याची कामं नव्हती. प्रत्येक आईने आपल्या बाळाची अक्षरं स्वतः भरली होती. एका जोडीखाली छोटासा क्रूस होता. तिथला दोरा दुहेरी होता आणि टाके इतके घट्ट, की कापड आक्रसलं होतं. ते बाळ जगलं नसावं. मी त्यावरून बोट फिरवलं नाही. हिंमत झाली नाही.

सगळ्यात मोठं कोडं डाव्या बगलेखाली होतं. दोन इंचांची चीर जाड करड्या दोऱ्याने शिवलेली. मोजे शिवायचा असतो तसला दोरा. टाके वेडेवाकडे, दर दोन टाक्यांनंतर गाठ, आणि गाठी वरच्या बाजूला. आयुष्यात कधी सुई न धरलेल्या बाईचं काम. आता विचार करा. मुकुट भरणाऱ्या घरात शिवायला चार बायका नोकरीला असणार. मग एवढा मोलाचा झगा, शिवता न येणारीने, मोज्याच्या दोऱ्याने का शिवला? एकच उत्तर होतं. त्या दिवशी तिच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं आणि दुसरा दोराही नव्हता.

आणि कागदावर लिहिलं होतं, नंतरच्या सगळ्या दुरुस्त्या काढा.

मी पेल्हॅमला फोन केला. "बगलेतले टाके मी काढणार नाही."

"का?"

"ते कोणाचे आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

"मिसेस बगाडे, ते गचाळ आहेत. क्लायंटला झगा निर्दोष हवाय."

"क्लायंटने असं म्हटलंय का? की तुम्ही म्हणताय?"

"कागदावर आहे तसं करा, प्लीज."

"मग झगा घेऊन जा. आज. खालची दुमड मी उसवलीय, अर्धं रेशीम मोकळं आहे. कोणाला बसवताय बसवा."

"तुम्ही मला धमकी देताय?"

"मी तुम्हाला पत्ता सांगतेय. ईलिंग रोड. पार्किंग मिळत नाही, ट्यूबने या."

तीन आठवड्यांत हे काम करणारं त्याच्याकडे दुसरं कोणी नव्हतं. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. तेवढे टाके राहू द्या. बाही खाली असली की दिसत नाहीत."

लोखंड तापलेलं होतं. मी म्हटलं, "आणखी एक. या कामाच्या रिपोर्टमध्ये माझं नाव पाहिजे. रफूचं काम सुलभा बगाडे, वेम्बली. एवढी एक ओळ."

"अर्थातच. तुम्हाला माझा शब्द आहे."

मी खूश झाले. संध्याकाळी लीड्सला मुलीला फोन करून सांगितलं. ती तिथे एका ऑफिसात एचआर बघते. तिचं मराठी इकडचं आहे. "आई, तू रेट लेखी घेतली ना?"

"घेतला."

"आणि नाव? ती पण लेखी घेतली?"

"त्याने शब्द दिलाय."

पलीकडून नुसता उसासा आला.

काम अकरा दिवस चाललं. पांढऱ्यावर पांढरं रफू ट्यूबलाइटमध्ये होत नाही. सकाळी दहा ते दुपारी दोन, उत्तरेच्या खिडकीतला उजेड असेपर्यंतच सुई चालते. झग्याच्या मायेतून मी एकेक धागा काढत होते. केसापेक्षा बारीक. श्वास जोरात सोडला तरी उडायचा. ज्या बाईने पहिल्यांदा हे रेशीम बेतलं, तिने माया सढळ हाताने सोडली होती. पुढे कधी तरी कोणाला लागेल, हे तिला ठाऊक असणार. तिच्या त्या विचाराच्या जोरावर माझी सुई चालली होती. असं काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं आणि पुढे होणार नाही.

शेवटच्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या. कागदावर त्या नव्हत्या.

पहिली वडिलांची शिकवण. रफूला काढलेले आणि न लागलेले धागे गिऱ्हाइकाचे असतात, ते परत करायचे. सात-आठ धागे उरले होते. माझं नाव-पत्ता छापलेला बिलबुकातला कागद फाडून त्याची पुडी केली आणि डाव्या बाहीत सरकवून ठेवली.

दुसरी आईची. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या झबल्याला, कुंचीला आतून एक काळा टाका घालतात. गालावर तीट लावतात तसाच. दृष्ट लागू नये म्हणून. पेल्हॅमने सांगितलं तसा झगा काचेत जाणार असता तर मी तो घातला नसता. पण अर्धा इंच वाढलेल्या गळ्याचं बाळ माझ्या डोळ्यांसमोर होतं. एवढं सुंदर काही बाळाच्या अंगावर चढवायचं आणि तीट लावायची नाही? माझ्या हाताला तसं शिवणंच शक्य नव्हतं. मागच्या बाजूला, दुमडीच्या आत, तिळाएवढा एकच काळा टाका घातला.

झगा गेला. आठ दिवसांनी पेल्हॅमचा फोन.

"दुमडीत काळा दोरा कसा आला?"

"तुम्हाला आता दिसला? झगा पाठवण्याआधी तपासला नाहीत?"

"मिसेस बगाडे, तिथल्या मेडला इस्त्री करताना दिसला. क्लायंटने विचारलंय. मला किती लाज वाटली!"

"तो टाका मुद्दाम घातलाय. कारण सांगते, ऐका."

"मला कारण नकोय. क्लायंटला मी सांगितलंय, चूक झाली, आम्ही तो काढून देऊ. यापुढे तुमच्याकडे काम येणार नाही."

त्याने फोन ठेवला. मी पुन्हा लावला, त्याने उचलला नाही. मी एकूण नऊ वेळा लावला. त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाशी मी भांडले. रागाच्या खाली भीती होती, ते आता कबूल करते. या धंद्यात कापड खराब केल्याचा आरोप आला की तो चिकटतो. राजघराणं वगैरे तेव्हा ठाऊक नव्हतं, पण कोणत्या तरी मोठ्या घराच्या वस्तूला मी विचारल्याशिवाय हात लावला होता. चौतीस वर्षांचं नाव एका टाक्यात जाऊ शकतं.

चौथ्या दिवशी बाहेरून हंसाबेन ओरडली, "सुलभाबेन, घराक!" म्हणजे गिऱ्हाईक.

एक गोरी बाई बाळाची बगी ढकलत आत आली. बगीत बाळ झोपलेलं, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. बाईच्या अंगावर साधं निळं जॅकेट, केस रबर बँडने बांधलेले, खांद्यावर बाळाच्या ओकारीचा डाग. मी एका ब्लाउजच्या हुका लावत होते. मान वर न करता म्हटलं, "झिप असेल तर एक आठवडा. घाई असेल तर दुसरीकडे जा."

"झिप नाही," ती म्हणाली. तिच्या इंग्रजीला किंचित परका हेल होता. "मिसेस बगाडे आपणच ना?"

तिने मूठ उघडली. तळहातावर माझ्या बिलबुकाची पुडी होती. माझ्या हातातली हूक खाली पडली. म्हटलं, आली. आता वकील.

तेवढ्यात मुलगी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मम्मी, हीच का ती ट्रेनी?"

"कोण ट्रेनी?" मी उभी राहिले.

बाई लाल झाली. "सॉरी. तिने माझं फोनवरचं बोलणं ऐकलं."

"ट्रेनी कोण, मॅडम? ते सांगा आधी."

तिने बगीखालच्या पिशवीतून, लंगोट आणि केळ्यांच्या मधून, एक गुळगुळीत फाइल काढली. कंडिशन रिपोर्ट. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, संपूर्ण रफूकाम आमच्या स्टुडिओत आमच्या ज्येष्ठ तज्ज्ञांनी केले. चौथ्या पानावर, नंतर जोडलेलं: दुमडीतील काळा दोरा ही एका ट्रेनीची चूक असून तो विनामूल्य काढून देण्यात येईल. माझं नाव कुठेच नव्हतं. मी शेवटपर्यंत पाहिलं. कागद उलटा करूनही पाहिला.

"चौतीस वर्षं," मी म्हटलं. आवाज चढला होता, बाळ चुळबुळलं. "चौतीस वर्षं सुई धरतेय मी! त्या ज्येष्ठ तज्ज्ञांना म्हणावं, इथे या आणि एक धागा ओवून दाखवा!"

"म्हणूनच आले," ती शांतपणे म्हणाली. "मी मिस्टर पेल्हॅमना त्या तज्ज्ञांशी बोलायचंय म्हणून तीनदा सांगितलं. तीनदा त्या रजेवर होत्या. मग बाहीत ही पुडी मिळाली. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. काळा टाका कशासाठी घातलात? आणि बगलेतले टाके का ठेवलेत?"

मी सांगितलं. आधी बगलेचं. शिवता न येणाऱ्या बाईने, दुसरं कोणी जवळ नसताना, हाताशी आलेल्या दोऱ्याने शिवलंय. म्हणून ठेवलं.

ती खाली बसली. तिच्यासाठी खुर्ची नव्हती, कपड्यांच्या गाठोड्यावर बसली.

"ती माझी पणजी," ती म्हणाली. "महायुद्धात त्यांना एका दिवसात देश सोडावा लागला. दोन ट्रंका आणि पोटात माझे आजोबा. यॉर्कशरमध्ये, लीड्सच्या जवळ, एका विधवेच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आजोबा तिथे जन्मले. ट्रंकेत झगा फाटला होता. घरमालकिणीने मोजे शिवायचा दोरा दिला. पणजीने स्वतः शिवला. त्याआधी तिने कधी सुई धरली नव्हती. ती राणी होती."

"राणी म्हणजे?"

"म्हणजे राणी," मुलगी म्हणाली. "आता मम्मीचे अंकल राजा आहेत. मम्मी प्रिन्सेस आहे. पण शाळेत सांगायचं नाही."

मी ब्लाउज खाली ठेवला. एका राजकन्येला मी झिपला आठवडा लागेल म्हणून हाकलत होते.

मग काळ्या टाक्याचं सांगितलं. दृष्टीला इंग्रजी शब्द सापडेना. मी म्हटलं, बाळ फार सुंदर असलं की जगाचे डोळे त्याच्यावर पडतात, म्हणून मुद्दाम एक छोटासा दोष ठेवायचा, डोळे तिथे अडतात. हे ऐकून ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"माझ्यावर जन्मल्यापासून कॅमेरे आहेत," ती म्हणाली. "वर्षातून एकदा बाल्कनीत उभं राहून हात हलवायचा. तो एक दिवस. बाकीचे दिवस तरी माझे असावेत म्हणून मी इंग्लंडला पळून आले. नवरा भूगोल शिकवतो. मी हॉस्पिटलमध्ये अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवते. रविवारी बाप्तिस्मा आहे आणि सगळ्या देशाचे कॅमेरे या बाळावर असणार. त्यांना तो टाका काढू द्यायचा नाही, हे मी इथे यायच्या आधीच ठरवलं होतं. का, ते आत्ता कळलं."

तिने पिशवीतून झगा काढला. "अजून एक काम आहे. आमच्या घरात प्रत्येक आई बाळाची अक्षरं स्वतः भरते. दोन्ही मोठ्यांच्या वेळी माझ्या आईने गुपचूप भरली. मला येत नाही."

"मी भरून देते."

"नको. शिकवा."

तीन दिवसांवर बाप्तिस्मा, आणि राजकन्या सुई उलटी धरत होती. मी तिला खिडकीशी बसवलं. पुढचा एक तास मी विसरले ती कोण आहे ते. "दोरा एवढा लांब घेऊ नका. आळशाला लांब दोरा." "ओढू नका, मॅडम, दोरी आहे का ती?" "उसवा. पुन्हा." हंसाबेन दारात उभी राहून ऐकत होती. तिने मुलीच्या हातात तिळाचा लाडू दिला, तिने तो दोन घासांत संपवला आणि दुसरा मागितला. मध्येच राजकन्येचा फोन वाजला. नवरा गाडी घेऊन चौथी फेरी मारत होता, पार्किंग मिळत नव्हतं. "अजून एक फेरी मार," ती म्हणाली. "मी उसवतेय."

दुसऱ्या अक्षराच्या शेवटच्या टाक्याला सुई तिच्या बोटात गेली. पट्टीवर रक्ताचा ठिपका उमटला. ती पांढरी पडली.

"थुंका," मी म्हटलं.

"सॉरी?"

"त्यावर थुंका, मॅडम. पाणी नाही चालत. ज्याचं रक्त, त्याचीच थुंकी. लवकर!"

मुलगी लाडू विसरून डोळे फाडून बघायला लागली. राजकन्येने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग खाली वाकली आणि आपल्या घराण्याच्या मुकुटांच्या पट्टीवर थुंकली. मी कापसाने टिपलं. डाग गेला. शिंप्याची ही युक्ती आहे, आणि ती राजघराण्याच्या रक्तालाही लागू पडते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

अठरावी जोडी. टाके वाकडे होते, मुकुट एका बाजूला कलला होता. मला तो हात ओळखीचा वाटला. मी बगलेतले करडे टाके तिच्यासमोर धरले. दर दोन टाक्यांनंतर गाठ, गाठ वरच्या बाजूला. तिने दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चौथ्या पिढीत तोच हात. आपण काय बघतोय ते मला कळत होतं. मी सुया मोजल्या. एक कमी होती. ती तिच्या जॅकेटला टोचलेली निघाली.

क्रूसाबद्दल मी विचारलं नाही. तिनेच जाताना सांगितलं. तिची आत्या, नऊ दिवस जगली. "ती अक्षरं आजीने नंतर भरली. म्हणे, झग्यात होती म्हणजे घरात होती."

रविवारी मी फोनवर बाप्तिस्मा पाहिला. राजाने बाळ हातात घेतलं होतं. झगा त्याच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होता. रफू कुठे केलंय ते मलाही सापडलं नाही. कॅमेरा जवळ गेला, बाळाने जांभई दिली, आणि सगळा देश बघत असताना माझा तिळाएवढा टाका आत आपलं काम करत होता.

दुसऱ्या दिवशी पेल्हॅमच्या वेबसाइटवर त्याच झग्याचा फोटो आला. खाली ओळ: आमच्या स्टुडिओत पुनरुज्जीवित. राजकन्येने त्याला पत्र लिहून रिपोर्ट दुरुस्त करायला सांगितलं. त्याने तिला उत्तर दिलं, की स्टुडिओचं काम स्टुडिओच्या नावाने जातं, अशी कंपनीची पॉलिसी आहे. ट्रेनीबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. तिने ते पत्र आणि माझी पुडी, दोन्ही झग्याच्या पेटीत ठेवलीत, असं तिने मला कळवलं. मी त्याला तीन ईमेल केले. उत्तर नाही.

चूक माझी किती, तेही सांगते. दर मी लेखी घेतला आणि नाव तोंडी. चौतीस वर्षं भाव करणाऱ्या बाईने असं करायला नको होतं. नवीन मुलींना एवढंच सांगेन, की पैसे बुडाले तर परत मिळवता येतात, त्यामुळे आधी नाव लिहून घ्या.

पण माझी चूक म्हणून त्याचं खोटं खरं होत नाही. तो झगा अजून शंभर वर्षं टिकेल, ते मी माझ्या जबाबदारीवर सांगते. तेव्हाची कोणी आई तो उलटा करेल, तिला काळा टाका दिसेल, आणि ती रिपोर्टचं चौथं पान उघडेल. तिथे लिहिलेलं असेल, एका ट्रेनीची चूक.

तेव्हा मिस्टर पेल्हॅम, तुम्ही हे कोणाकडून तरी भाषांतर करून घ्याल याची मला खात्री आहे. तुमच्या स्टुडिओतल्या त्या ट्रेनीचं नाव काय? पूर्ण नाव. लेखी द्या.